जुगारावरच्या मालिका: कुठून सुरू करायचं, काय शिकून बसायचं, कुठल्या सोडायच्या

जुगारावरची मालिका बरेच जण दोन भागांत सोडून देतात, कारण टेबलावर काय चाललंय हेच कळत नाही. एकजण पत्ते उपडे टाकतो, दुसरा घाम पुसतो, संगीत चढत जातं आणि बघणारा नुसते चेहरे वाचत बसतो. खेळाचे चार नियम आधी माहीत असले की तोच प्रसंग श्वास रोखून बघितला जातो. म्हणून इथे आधी तयारी सांगितली आहे आणि मग मालिका.

निवड करताना एक कसोटी कायम वापरा. पहिल्या दोन भागांत तीन गोष्टी शोधा: डावावर लावलेला पैसा कुणाचा आहे, न खेळता प्रत्येक डावातून वाटा कुणाला मिळतो, आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला तोंड देतो. या तिन्हींची उत्तरं देणारी मालिका शेवटपर्यंत टिकते. ज्या मालिकेत पैसा आकाशातून येतो आणि हरल्यावर हवेत विरतो, तिथे झगमगाटाखेरीज हाती काही लागत नाही. अशी मालिका दुसऱ्या भागाला बंद करा, पुढे ती सुधारत नाही.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. त्यासाठीचा कायदा १९७६ साली झाला, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे पुणेकराने कॅसिनो आतून पाहिला असेल तर तो बहुधा पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवर. पण म्हणून आपली पाटी कोरी नाही. गणपतीत मांडवामागे रात्र जागवणारी रमी, दिवाळीतली तीन पत्ती, कॅम्पातल्या रेसकोर्सचा पावसाळी सीझन आणि मटक्याचे ओपन-क्लोज, एवढ्या शिदोरीवर जगातली कुठलीही जुगाराची मालिका समजून घेता येते.

आधी एक संध्याकाळ पत्त्यांची

चारजण जमवा आणि ५२ पानांचा कॅट घ्या. जोकर काढून ठेवा. माणशी ५० चिंचोके वाटा. चिंचोके नसतील तर राजमा चालेल. तूर-मसूर घेऊ नका, मोजताना बोटांत येत नाही. पैसे लावायचे नाहीत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि शिकायला पैशांची गरजही नसते.

मालिकांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो पोकरचा ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार. वाटणाऱ्याच्या डावीकडचा एक चिंचोका आणि त्याच्या पुढचा दोन चिंचोके पत्ते बघण्याआधीच टाकतो. मग प्रत्येकाला दोन पानं उपडी. पहिली बोली होते: बरोबरी करा, वाढवा किंवा पानं टाकून द्या. त्यानंतर मधोमध तीन पानं उघडी, पुन्हा बोली. चौथं पान, बोली. पाचवं पान, शेवटची बोली. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सर्वांत चांगली पाच पानं धरायची. एका तासात पंधराएक डाव होतात आणि एवढ्यात खेळाची चाल डोक्यात बसते.

तीन पत्ती येणाऱ्यांची इथे हमखास एक चूक होते. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीने लागणारी पानं) कलरपेक्षा (सगळी इस्पिक, सगळी बदाम अशी एकाच रंगाची पानं) मोठा असतो, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सपेक्षा मोठा. कारण साधं आहे: जे कमी वेळा येतं ते मोठं. तीन पानांच्या २२,१०० जुळण्यांपैकी साधे सीक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे सीक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांवर गेलं की चित्र उलटतं. २५,९८,९६० जुळण्यांत कलर ५,१०८ आणि सीक्वेन्स १०,२००. हे माहीत नसलं की पडद्यावर इस्पिकचा कलर उघडल्यावर समोरचा सीक्वेन्सवाला हताश का झाला ते कळत नाही, आणि दिग्दर्शकाने चूक केली असं वाटून जातं.

दिग्दर्शकांच्या खऱ्या चुका वेगळ्या असतात. ‘तुझे पाच हजार दिले... आणि वर दहा हजार’ असं थांबून थांबून बोलणं खऱ्या कार्डरूममध्ये चालत नाही. आधी बरोबरीचे चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) ढकलून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग वाढवायचं, याला मनाई असते. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, वाढवलेले चिप्स परत करतो. तसंच घड्याळ, गाडीची किल्ली, घराची कागदपत्रं टेबलावर टाकणं. डाव सुरू झाला तेव्हा समोर जेवढे चिप्स होते तेवढ्यांवरच खेळायचं, हा नियम जगभर पाळतात. किल्ली टेबलावर पडली की समजा, लेखकाने खेळ सोडून नाट्य धरलंय. एखाद्या वेळी माफ करा. प्रत्येक भागात तेच होत असेल तर मालिका बदला. रॉयल फ्लशचंही (एकाच रंगाची दश्शी ते एक्का) तसंच. पाच पानांत तो ६,४९,७४० पैकी एकदा येतो, म्हणून जी मालिका त्याच्यावर शेवट बांधते तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं.

कॅसिनोचे खेळ: फक्त वाट्याचा आकडा लक्षात ठेवा

रुलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ कप्पे असतात. एका आकड्यावर लावून जिंकलात तर लावलेल्याच्या ३५ पट आणि मूळ रक्कम मिळते, म्हणजे ३६ परत. तो उरलेला एक कप्पा हा कॅसिनोचा वाटा: २.७० टक्के. अमेरिकन चाकावर ०० हा आणखी एक कप्पा असतो, तिथे वाटा ५.२६ टक्के होतो. मालिकेत चाक जवळून दाखवलं की दोन हिरवे कप्पे आहेत का बघा, कथा कुठे घडते आहे ते त्यावरूनच कळतं. तुलनेसाठी मटका घ्या. एकेरी आकडा दहापैकी एक, आणि रुपयाला नऊ रुपये हा बहुतेक ठिकाणचा भाव. म्हणजे वाटा दहा टक्के. लास व्हेगासचं झगमगतं चाक गल्लीतल्या चिठ्ठीपेक्षा खेळणाऱ्याला स्वस्त पडतं.

ब्लॅकजॅकमध्ये २१ च्या जवळ जायचं, ओलांडायचं नाही. डीलरला १७ होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. टेबलावरच्या कापडावर लिहिलेलं वाचा: पहिल्या दोन पानांत २१ आल्यावर शंभराला दीडशे मिळतात की एकशेवीस? दीडशेच्या टेबलावर नीट खेळणाऱ्याविरुद्ध कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. एकशेवीसच्या टेबलावर त्यात साधारण १.४ टक्क्यांची भर पडते. पत्ते मोजणारा पानं पाठ करत नाही. तो दोन ते सहाला अधिक एक, सात ते नऊला शून्य, दहा ते एक्क्याला उणे एक, अशी एकच बेरीज मनात चालवतो. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात डोक्याने मोजणं गुन्हा नाही, पण कॅसिनो तुम्हाला बाहेर काढू शकतो. यंत्र वापरणं मात्र गुन्हा आहे. मालिकेत मोजणाऱ्याला मागच्या खोलीत नेऊन मारतात, तेव्हा गुन्हा कुणाकडून घडतोय ते यावरून ठरवा.

बाकाराला कौशल्य लागत नाही. ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ अशा दोन बाजू, बेरजेचा शेवटचा अंक नऊच्या जवळ असेल ती जिंकते. दश्शी आणि चित्रांची पानं शून्य, एक्का एक. वाटा बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. दिसायला किरकोळ. आता गुणाकार करा: एका डावाला दहा हजार, तासाला साठ डाव, चार तास. उलाढाल २४ लाख आणि सरासरीने गेलेले जवळजवळ ३० हजार, तेही नशीब वाईट नसताना. अड्डेवाला प्रत्येक डावातून नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो, तसाच हा हिशेब आहे, फक्त इथे तो पत्त्यांच्या नियमातच शिवलेला असतो. एवढं कागदावर एकदा मांडा. पुढच्या सगळ्या मालिका त्याच कागदावर उभ्या आहेत.

पहिली मालिका: ‘बिग बेट’

कोरियात हिचं नावच ‘कॅसिनो’. चोई मिन-सिक नायक, दिग्दर्शक कांग युन-सुंग, २०२२ च्या डिसेंबरात पहिला सीझन आणि २०२३ च्या सुरुवातीला दुसरा, आठ-आठ भाग. कॅसिनो या धंद्याची अंतर्गत रचना इतक्या शांतपणे समजावून देणारी दुसरी मालिका सापडणं कठीण, म्हणून सुरुवात हिच्यापासून करा.

कोरियात अडचणीत आलेला चा मू-सिक फिलिपिन्समध्ये जातो आणि श्रीमंत गिऱ्हाइकं आणून देणाऱ्या मंडळींच्या जगात शिरतो. या धंद्याला जंकेट म्हणतात. एजंट गिऱ्हाईक आणतो, त्याची हॉटेलची, गाडीची सोय करतो, आणि मुख्य म्हणजे त्याला उधारीवर चिप्स देतो. हे चिप्स साधे नसतात. ते खिडकीवर देऊन रोख घेता येत नाही, फक्त डावावर लावता येतात. जिंकलेले चिप्स तेवढे रोख होतात. किती चिप्स फिरले त्यावर एजंटचं कमिशन ठरतं, त्यामुळे गिऱ्हाईक जिंको वा हरो, ते टेबलावर बसून राहण्यातच एजंटचा फायदा. मकाऊत सरकारने हे कमिशन सव्वा टक्क्यावर बांधून दिलं होतं. सव्वा टक्क्यासाठी माणसं काय काय करतात, ते सोळा भागांत दिसतं.

बघताना शेजारी वही ठेवा आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे मू-सिककडे आलेला पैसा आणि तो कुणाकडून, उजवीकडे गेलेला आणि कुणाकडे. चौथ्या-पाचव्या भागापासून या नोंदींत तीच ती नावं दोन्ही बाजूंना दिसायला लागतात. कोण कुणाला कशासाठी धरून आहे याचा उलगडा संवादांपेक्षा या पानावर लवकर होतो.

इथे एक अडचण येते. सुरुवातीचे तीनएक भाग बालपण आणि तरुणपणाचे आहेत, कॅसिनो त्यांत फारसा नाही. बरेच जण इथेच कंटाळतात. हे भाग गाळू नका. हा माणूस हिशेब कसा ठेवतो आणि उपकाराची परतफेड कशी मागतो ते तिथेच मांडलंय आणि दुसऱ्या सीझनचा सगळा डोलारा त्यावर आहे. मूळ आवाज ठेवा आणि सबटायटल लावा. कोरियन, इंग्लिश आणि टागालोग अशा भाषा आळीपाळीने येतात. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतो यावरून खोलीत कुणाचं चालतं ते कळतं, आणि डब केलेल्या आवाजात ते सगळं सपाट होतं. एका बैठकीत दोनच भाग बघा.

दुसरी: ‘ओझार्क’, पण योग्य ठिकाणी लक्ष देऊन

नेटफ्लिक्सची ही मालिका २०१७ ते २०२२ चालली, चार सीझन, ४४ भाग. पहिल्या सीझनमध्ये कॅसिनो नाही. दुसऱ्यात मालिकेतलं मुख्य बर्ड दांपत्य त्याच्या परवान्यासाठी राजकारण्यांच्या दारात उभं राहतं आणि तिसऱ्यात बोट सुरू होते. कॅसिनोसाठी म्हणून एकदम तिसऱ्या सीझनवर उडी मारू नका. परवाना मिळवण्याचा दुसरा सीझन हाच या विषयावरचा खरा धडा आहे.

काळा पैसा कॅसिनोत पांढरा कसा होतो हे आधी समजून घ्या, मालिका ते घाईघाईने सांगते. मालक स्वतः जिंकल्याचं दाखवत नाही. आपलीच माणसं रोकड घेऊन येतात, खेळतात, ‘हरतात’, आणि ती रक्कम कॅसिनोचं उत्पन्न म्हणून वहीत चढते. त्यावर कर भरला की पैसा स्वच्छ. अडतं ते यंत्रांपाशी: स्लॉट मशीनमध्ये किती पैसे फिरले याची नोंद मशीनच ठेवतं, आणि ती पेटीतल्या रोकडीशी जुळावी लागते. शिवाय अमेरिकेत एका दिवसात एका माणसाचा १०,००० डॉलरवरचा रोखीचा व्यवहार सरकारला कळवावा लागतो. म्हणून तपास अधिकारी बंदूक घेऊन न येता हिशेबनीस घेऊन येतात. त्या प्रसंगांतला ताण या दोन नियमांवर उभा आहे. मालिका घडते त्या मिसुरीत प्रत्यक्षात १३ च परवाने आणि तेही मिसुरी व मिसिसिपी या दोन नद्यांपुरते होते, त्यामुळे तळ्यावरची ती बोट कल्पित आहे.

याच धाग्यातलं छोटं काम म्हणून ‘ब्रेकिंग बॅड’च्या चौथ्या सीझनचा चौथा भाग पाहा. पैसा कुठून आला हे घरच्यांना सांगण्यासाठी नायकाची बायको स्कायलर पत्ते मोजणाऱ्या जुगाऱ्याची अख्खी गोष्ट लिहून काढते आणि नवऱ्याकडून तिची तालीम करून घेते.

रेसकोर्स: ‘लक’ आणि ‘पीकी ब्लाइंडर्स’

पुण्यात रेसचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर, नंतर घोडे मुंबईला महालक्ष्मीवर. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्यामुळे रेसकोर्सवरच्या परवानाधारक पैजेला वेगळी वागणूक मिळते. रेसकोर्सवर पैज घेणारी टोटची खिडकी ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी ‘लक’ ही मालिका घरचीच. एचबीओ, २०११-१२, लेखक डेव्हिड मिल्च, पहिल्या भागाचा दिग्दर्शक मायकेल मान, प्रमुख भूमिकेत डस्टिन हॉफमन. चित्रीकरणादरम्यान घोडे दगावल्यामुळे ती नऊ भागांवर थांबली.

पहिल्या भागात चार फाटके पैजबाज ‘पिक सिक्स’ लावतात: सलग सहा शर्यतींचे विजेते सांगायचे. आपल्याकडच्या पाच शर्यतींच्या जॅकपॉटचं हे भावंड. तिकिटाचं गणित आधी समजून घ्या. एखाद्या शर्यतीत खात्री असेल तर एकच घोडा धरायचा, नसेल तर तीन-चार. समजा सहा शर्यतींत दोन, तीन, एक, चार, दोन आणि एक असे घोडे धरले. गुणाकार ४८. प्रत्येक जुळणी दोन डॉलरची धरली तर तिकीट ९६ डॉलरचं. कुठे एकच घोडा धरायचा यावर चौघांचं भांडण का होतं ते आता कळेल: एका शर्यतीत चारऐवजी एक धरला की तिकिटाची किंमत पावपट होते, आणि तो घोडा हरला की सगळंच गेलं. पहिल्यांदा बघताना कोण कुणाचा घोडा, कोण ट्रेनर, कोण जॉकी यात गोंधळ होतो, कारण मिल्चची पात्रं स्वतःची ओळख करून देत नाहीत. पहिला भाग दोनदा बघा. दुसऱ्यांदा सगळं जागेवर बसतं.

‘पीकी ब्लाइंडर्स’ सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती बुकींची मालिका आहे हे टोपी आणि ब्लेडच्या नादात निसटतं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पैजेची दुकानं १९६१ पर्यंत बेकायदा होती; रेसकोर्सवरच्या बुकीला तेवढी मोकळीक. म्हणून १९१९ मध्ये घरातल्या चोरट्या दुकानातून रेसकोर्सवरच्या परवान्यापर्यंत जाणं, हाच पहिल्या सीझनच्या सहा भागांचा कणा. जुगारासाठी बघायचं असेल तर तेवढे सहा पुरेत. बर्मिंगहॅमचे उच्चार इंग्लिश चांगलं येणाऱ्यालाही जड जातात, सबटायटल चालू ठेवा.

क्रिकेटचा सट्टा

प्राइम व्हिडिओची ‘इनसाइड एज’ २०१७ साली आली, तीन सीझन झाले. पहिला पाहा. सट्ट्याची बाराखडी मात्र मालिका शिकवत नाही, ती घेऊन बसावी लागते. अख्खी मॅच विकणं महाग आणि धोक्याचं, म्हणून अमुक षटकांत किती धावा होतील यावरचा ‘सेशन’ विकला जातो, कारण त्यासाठी एक-दोन खेळाडू पुरतात. एवढं कळलं की कथानकातले निम्मे फोन आपोआप समजतात. जोडीला नेटफ्लिक्सवरच्या ‘बॅड स्पोर्ट’ या माहितीपट मालिकेचा हॅन्सी क्रोनिएवरचा शेवटचा, सहावा भाग लावा. २००० साली दिल्ली पोलिसांनी ऐकलेल्या फोनवरून मॅच-फिक्सिंगचा तो सगळा प्रकार उघडकीला आला. कल्पित मालिकेनंतर लगेच हा भाग बघितला की लेखकाने कुठे वाढवून सांगितलंय आणि कुठे उलट कमीच सांगितलंय, दोन्ही दिसतं.

मटक्यावरची मोठी मालिका आपल्याकडे बरीच वर्षं नव्हती. नागराज मंजुळे दिग्दर्शक आणि विजय वर्मा प्रमुख भूमिकेत असलेली ‘मटका किंग’ प्राइम व्हिडिओने २०२४ साली जाहीर केली. ती बघण्यापूर्वी एवढं लक्षात असू द्या: मुंबईत लोक आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी पत्ते काढून आकडा ठरवण्याची पद्धत उभी केली. तीन पानांची बेरीज, तिचा शेवटचा अंक. दोन, पाच, आठ आले तर पंधरा, म्हणजे पंजा.

उधारी बघायची असेल तर

‘द सोप्रानोज’चा दुसरा सीझन, फक्त सहावा आणि दहावा भाग. खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा एक गृहस्थ मोठ्यांच्या पोकरच्या डावात हट्टाने बसतो आणि रात्रभरात ४५ हजार डॉलरच्या कर्जात जातो. दहाव्या भागात वसुली होते: त्याच्या दुकानाच्या नावावर माल उधार मागवायचा, बाहेर विकायचा, दिवाळं निघेपर्यंत. जुगाराच्या सावकारीवर पडद्यावर याहून नेमकं काम क्वचित झालंय. मारहाण नावापुरती, सगळं बिलांवर. एकटे दोन भाग बघितले तरी कळतात.

याच ओळीत बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मधली द्यूतसभा पुन्हा बघा, या वेळी धार्मिक मालिका म्हणून न बघता डाव म्हणून. पैज दुर्योधन लावतो आणि फासे शकुनी टाकतो. ज्याच्या हाती फासे आहेत त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नाही. युधिष्ठिर मात्र स्वतःच्या गोठ्यापासून स्वतःपर्यंत सगळं लावत जातो. धृतराष्ट्र सगळं परत देतो, तरी दुसऱ्या बोलावण्याला युधिष्ठिर पुन्हा बसतो, आणि त्या एका डावात बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास जातं. गेलेलं भरून काढायला बसणाऱ्या माणसाचं चित्रण म्हणून गुफी पेंटल यांच्या शकुनीसमोरचे ते भाग आजही कुठल्याही परदेशी मालिकेच्या बरोबरीने उभे राहतात.

घरात कुणी या सवयीतून बाहेर पडत असेल तर त्याच्यासमोर यातलं काहीही लावू नका, विशेषतः जिंकण्याचे प्रसंग. मदत हवी असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

अ‍ॅनिमे, आणि काय सोडायचं

‘काइजी’ (२००७-०८ आणि २०११, प्रत्येकी २६ भाग) कर्जबाजारी माणसाची गोष्ट आहे. चित्रं ओबडधोबड, वेग संथ, पण प्रत्येक खेळाचे नियम प्रामाणिकपणे पाळले जातात. पहिल्याच खेळात प्रत्येकाला दगड, कागद, कात्री यांची चार-चार, अशी १२ पानं आणि तीन तारे मिळतात. शेवटी तीन तारे हवेत आणि पानं संपलेली हवीत. नियम सांगून झाले की तिथेच थांबवा आणि पाच मिनिटं आपसांत बोला: तुम्ही काय कराल? मग पुढे जा. ‘काकेगुरुई’ही लोकप्रिय आहे, पण तिथे नायिकेच्या डोळ्यांत जितकी रंगत आहे तितकी खेळात नाही.

‘लास व्हेगास’ (२००३-०८, १०६ भाग) ही हलकीफुलकी. जेम्स कान सुरक्षाप्रमुख. कॅमेऱ्यांची खोली कशी चालते ते बघायला पहिला सीझन पुरे. शेवट अर्धवट तुटलेला आहे, त्यामुळे पूर्ण करण्याचा हट्ट नको. ‘टिल्ट’ (२००५, नऊ भाग) पोकरवरची असूनही पत्त्यांपेक्षा दमदाटी जास्त. सोडली तरी चालेल. ‘व्हेगस’ (२०१२-१३, २१ भाग) साठच्या दशकातली, डेनिस क्वेड शेरीफच्या भूमिकेत. राल्फ लॅम्ब हा शेरीफ खरोखर होऊन गेला.

मालिका शोधताना होणाऱ्या अडचणी

हक्क सारखे हात बदलतात. एचबीओच्या मालिका २०२३ मध्ये जिओसिनेमावर आल्या आणि २०२५ च्या विलीनीकरणानंतर जिओहॉटस्टारवर गेल्या. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी कुठली मालिका कुठे आहे ते सांगणाऱ्या जस्टवॉच या साइटवर देश ‘इंडिया’ निवडून नाव टाका. ते फुकट आहे. तरी अ‍ॅपमध्ये शिरून एकदा खात्री करा. वर्षाची वर्गणी एका मालिकेसाठी घेऊ नका, महिन्याची घ्या.

चोरट्या साइटवर या मालिका शोधल्या तर सट्ट्याच्या अ‍ॅपच्या जाहिराती हटकून येतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आहे. जाहिरातीतून एपीके फाइल उतरवू नका, यूपीआय जोडू नका. घरच्या टीव्हीवर बघणार असाल तर मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, नाहीतर आपोआप सुचवल्या जाणाऱ्या यादीत पुढचे दोन महिने हेच दिसत राहील.

शेवटी खरा डाव

कल्पित मालिका दोन-तीन झाल्या की ‘हाय स्टेक्स पोकर’ बघा. २००६ ला सुरू झालेला हा कार्यक्रम. खेळाडू स्वतःचे पैसे घेऊन बसतात, किमान एक लाख डॉलर. प्रत्येकाची उपडी पानं बघणाऱ्याला कॅमेऱ्यातून दिसतात. मधली तीन पानं उघडली की थांबवा. एखाद्याला कलर व्हायला एक पान हवं असेल तर त्या रंगाची नऊ पानं कॅटात उरलेली असतात. नऊला चारने गुणा: दोन पानं यायची असताना साधारण ३६ टक्के. चौथं पान उघडल्यावर दोनने गुणा: १८. अचूक आकडे ३५ आणि १९.६ आहेत, पण टेबलावर एवढं पुरतं. आता मधोमध किती पैसे पडलेत आणि पुढे जायला किती मागतायत ते बघा. तीनशे पडलेत आणि शंभर मागतायत, तर तुम्हाला चारपैकी एकदा जिंकलं तरी बरोबरी होते. तुमचं उत्तर मोठ्याने सांगा, मग प्ले दाबा आणि खेळाडूने काय केलं ते पाहा.